चार कोटी अंकांची मूळ संख्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात तलावपाळीजवळ आम्ही काही जण रविवारी सकाळी गणिताचा कट्टा भरवतो. सातवी-आठवीची मुलं येतात, त्यांना सोडायला आलेले आईबाबा मागच्या रांगेत बसून राहतात, निवृत्त मंडळी येतात, ऐरोली-महापेच्या कंपन्यांमधले इंजिनिअरही येतात. जगातल्या सर्वांत मोठ्या ज्ञात मूळ संख्येबद्दल तिथे जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात, ते उत्तरांसह इथे दिले आहेत. घात लिहायला ^ हे चिन्ह वापरलं आहे: २^५ म्हणजे पाच वेळा २ घेऊन केलेला गुणाकार, ३२. बहुतेक उत्तरांना शाळेतलं गणित पुरतं. जिथे पुरत नाही, तिथे तसं म्हटलं आहे.

प्र. ही संख्या नेमकी कोणती?

२^१३६२७९८४१ − १. तेरा कोटी बासष्ट लाख एकोणऐंशी हजार आठशे एक्केचाळीस वेळा २ घेऊन गुणाकार करायचा आणि उत्तरातून १ वजा करायचा. दशमान पद्धतीत लिहिली तर ती ४,१०,२४,३२० अंकी आहे. खाली तिला 'आपली संख्या' म्हटलं आहे.

ती शोधली अमेरिकेतल्या सॅन होजे इथल्या ल्यूक ड्युरंट यांनी, 'ग्रेट इंटरनेट मर्सेन प्राइम सर्च' म्हणजे जिम्प्स या सामूहिक शोधमोहिमेत. ही मोहीम जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केली. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी संख्या मूळ असल्याचं नक्की झालं आणि २१ ऑक्टोबरला ते जाहीर झालं. हे लिहीत असताना तिच्याहून मोठी मूळ संख्या कोणाला माहीत नाही.

प्र. म्हणजे ही सर्वांत मोठी मूळ संख्या?

नाही. सर्वांत मोठी मूळ संख्या नसतेच. युक्लिडने दोन हजार वर्षांपूर्वीच ते दाखवून ठेवलं आहे: तुमच्या यादीतल्या सगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार करा, त्यात १ मिळवा. या नव्या संख्येला यादीतल्या कोणत्याही संख्येने भागलं की बाकी १ उरते. म्हणून तिचा मूळ विभाजक यादीबाहेरचाच असणार. 'ज्ञात' हा शब्द बातमीत गाळला जातो, आणि मुलं घरी जाऊन 'ही शेवटची मूळ संख्या' असं सांगतात. पालकांनी एवढं जरूर सांभाळावं.

प्र. चार कोटी अंक म्हणजे किती, काही अंदाज?

एक अंक दोन मिलिमीटर रुंद धरला आणि सगळे एका ओळीत लिहिले, तर ओळ सुमारे ८२ किलोमीटर होईल. ठाणे ते सीएसएमटी ३४ किलोमीटर. म्हणजे रुळांच्या कडेने जाऊन परत ठाण्याला आलात तरी चौदा किलोमीटरचे अंक उरतील. सेकंदाला एक अंक या वेगाने, न झोपता वाचायला सुमारे ४७५ दिवस लागतील. संगणकात मात्र ती साध्या मजकुराची ४१ एमबीची फाइल होते, फोनवर सहज मावणारी.

पण कट्ट्यावर आम्ही आकाराशी फार वेळ थांबत नाही. इतकी अवाढव्य संख्या, आणि तरी आठवीतला मुलगा वही-पेन घेऊन तिच्याबद्दल दहा खात्रीच्या गोष्टी सांगू शकतो, याचं आम्हाला जास्त अप्रूप आहे. ते शक्य होतं तिच्या घडणीमुळे. २ चा घात वजा १, एवढी साधी घडण आहे तिची.

प्र. घातांक १३६२७९८४१ हाच का? कोणताही मोठा आकडा चालला नसता का?

नसता. घातांक स्वतः मूळ असावा लागतो. कारण समजायला ही संख्या द्विमान पद्धतीत लिहून बघा, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून. २^३ − १ म्हणजे ७, द्विमानात १११. २^५ − १ म्हणजे ३१, द्विमानात १११११. आपली संख्या म्हणजे तेरा कोटी बासष्ट लाखांहून जास्त १ ओळीने, मध्ये एकही शून्य नाही.

आता सहा १ घ्या: १११ १११, तीन-तीनचे दोन गट. हे गट दिसले की गुणाकार दिसतोच: १११ × १००१. द्विमानात हे ७ × ९ = ६३. गंमत अशी की दशमानातही हाच गुणाकार खरा आहे, १११ × १००१ = १,११,१११. घातांक संयुक्त असेल तर एकांची ओळ नेहमी सारख्या गटांत कापता येते, आणि कापता आली की संख्या फुटते. घातांक मूळ असेल तर असे गट पडत नाहीत.

प्र. मग घातांक मूळ असला की संख्या मूळ?

इथेच बहुतेक जण घाई करतात. गट पडले नाहीत म्हणजे या एका वाटेने संख्या फुटली नाही, इतकंच. दुसऱ्या वाटेने फुटू शकते. ११ मूळ आहे, पण २^११ − १ = २०४७ = २३ × ८९.

मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये, ज्यांनी अशी संख्या मूळ निघते त्या २५७ पर्यंतच्या घातांकांची यादी दिली, म्हणून २ चा घात वजा १ या घडणीच्या संख्यांना 'मर्सेन संख्या' म्हणतात. यादीत ६७ आणि २५७ चुकून आले होते, आणि ६१, ८९, १०७ राहून गेले होते. २^६७ − १ चे अवयव १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल यांनी दिले: १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७. हा गुणाकार हाताने पडताळून बघण्यासारखा आहे. एका दुपारचं काम, पण अवयव शोधणं आणि पडताळणं यातलं अंतर त्यातून जितकं कळतं तितकं कुठल्याही स्पष्टीकरणातून कळत नाही.

२०४७ च्या अवयवांकडेही नीट बघा. २३ = २ × ११ + १, ८९ = ८ × ११ + १. हा योगायोग नाही. घातांक विषम मूळ असेल तर अशा संख्येच्या प्रत्येक विभाजकाला घातांकाच्या दुपटीने भागल्यावर बाकी १ उरते, आणि ८ ने भागल्यावर १ किंवा ७. त्यामुळे विभाजक शोधणारे वाटेल त्या संख्येने भागत बसत नाहीत, ही चाळणी लावूनच सुरुवात करतात.

प्र. एकांच्या ओळीचं ऐकून कापरेकरांची आठवण झाली. काही संबंध आहे का?

संबंध आहे, आणि आमच्या भागाला तर तो जवळचा आहे. गणितज्ञ दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूचा, माध्यमिक शिक्षण ठाण्यात, पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. देवळालीला त्यांनी अनेक वर्षं शाळेत शिकवलं. ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'मुळे ते जगभर माहीत आहेत, पण त्यांच्या 'डेमलो संख्या' फार कमी जणांना ठाऊक असतात. १२१, १२३२१, १२३४३२१ अशा या संख्या: ११, १११, ११११ यांचे वर्ग. तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवर, मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या डेमलो स्थानकात, म्हणजे आजच्या डोंबिवलीत, त्यांना ही कल्पना सुचली. म्हणून ते नाव.

आपली संख्या द्विमानातली एकांची ओळ, आणि कापरेकरांच्या वर्गांच्या मुळाशी असलेली दशमानातली एकांची ओळ, या दोघींना एकच अट लागू होते: १ किती आहेत तो आकडा मूळ हवा. आणि दोन्हीकडे ती अट पुरेशी नाही. दशमानात ११ मूळ, १११ = ३ × ३७, पाच एकांची संख्या ४१ × २७१, सात एकांची २३९ × ४६४९. त्यानंतर थेट १९ आणि २३ एकांच्या संख्या मूळ निघतात. डोंबिवलीच्या फलाटावर सुचलेल्या गोष्टीची घडण जगातल्या विक्रमी संख्येच्या घडणीसारखीच निघावी, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

प्र. संख्या कोणी पूर्ण लिहिलेली न बघता तिचा शेवटचा अंक कसा सांगता?

हा आमचा सर्वांत आवडता प्रश्न. मुलांनी हे उत्तर वाचण्याआधी स्वतः करून बघावं.

२ चे घात लिहा: २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६. शेवटचे अंक २, ४, ८, ६, पुन्हा २, ४, ८, ६. चारांचं चक्र. म्हणून घातांकाला ४ ने भागून बाकी बघायची. ४ ची कसोटी शेवटच्या दोन अंकांवर चालते: ४१ ला ४ ने भागलं की बाकी १. म्हणजे चक्रातला पहिला अंक, २. त्यातून १ गेला. आपल्या संख्येचा शेवटचा अंक १.

शेवटचे दोन अंक हवेत? २ च्या घातांचे शेवटचे दोन अंक दर २० घातांनी फिरून येतात. १३६२७९८४१ ला २० ने भागलं तर बाकी १. आता इथे नेहमी एक घसरण होते: मुलं २^१ = ०२ धरतात आणि ०१ उत्तर देतात. पण दोन अंकांचं चक्र २^२ पासून सुरू होतं. २^१ पुन्हा कधीच येत नाही, कारण २^२ आणि त्यापुढच्या प्रत्येक घाताला ४ ने भाग जातो आणि ०२ ला जात नाही. म्हणून बाकी १ असली तर २^२१ घ्यायचा. २^२१ = २०,९७,१५२. शेवटी ५२, एक वजा करून ५१.

तीन अंकांसाठी चक्र १०० चं, आणि ते २^३ पासून सुरू होतं. घातांकाचे शेवटचे दोन अंक ४१, म्हणून २^४१ घ्या. २१,९९,०२,३२,५५,५५२. शेवटी ५५२. आपल्या संख्येचे शेवटचे तीन अंक ५५१. प्रसिद्ध झालेली फाइल उघडून शेवट बघा, तेच दिसेल. मुलं हे पडताळतात तेव्हा वर्गात जो आवाज होतो, त्यासाठीच आम्ही रविवारी सकाळी लवकर उठतो.

प्र. आणि पहिला अंक?

त्याला लॉगरिदम लागतो, अकरावीतला. २ चा लॉग ०.३०१०२९९९५६६४ आहे. त्याला १३६२७९८४१ ने गुणलं तर ४१०२४३१९.९४५ येतं. पूर्णांक भागात १ मिळवला की अंकांची संख्या मिळते: ४,१०,२४,३२०. आणि अपूर्णांक भाग ०.९४५ म्हणजे १० चा तितका घात, सुमारे ८.८. म्हणून संख्या ८८ ने सुरू होते.

शाळेच्या लॉग टेबलातला ०.३०१० घेऊ नका. तेरा कोटींनी गुणल्यावर ती छोटीशी तफावत फुगते आणि अंकांच्या संख्येत चार हजारांहून जास्त फरक पडतो. दशांश स्थळं किती घ्यायची हे प्रश्नावर ठरतं, ही गोष्ट इतक्या ठळकपणे दाखवणारं दुसरं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

प्र. नऊची कसोटी लावता येते का?

येते, आणि हा प्रश्न बहुधा एखादे आजोबा विचारतात. २ च्या घातांना ९ ने भागल्यावर बाक्या अशा येतात: २, ४, ८, ७, ५, १, आणि पुन्हा तेच. सहाचं चक्र. आपला घातांक ६ ने भागल्यावर बाकी ५, म्हणून २ च्या घाताची बाकी ५, आणि १ वजा करून ४. म्हणजे आपल्या संख्येच्या चार कोटींहून जास्त अंकांची बेरीज केली, आलेल्या उत्तराच्या अंकांची पुन्हा बेरीज केली, असं एक अंक उरेपर्यंत करत गेलो, तर शेवटी ४ च उरणार.

प्र. ही संख्या दोन वर्गांच्या बेरजेने लिहिता येते का?

येत नाही. कोणत्याही वर्गसंख्येला ४ ने भागलं की बाकी ० किंवा १. दोन वर्ग मिळवले तर बाकी ०, १ किंवा २. तीन कधीच नाही. आपल्या संख्येला ४ ने भागल्यावर बाकी ३ येते, कारण ती ४ च्या पटीपेक्षा १ ने कमी आहे. तीन ओळींत निकाल लागला, चार कोटी अंकांना हातही न लावता.

मात्र 'एक वर्ग अधिक दुसऱ्या वर्गाची तिप्पट' असं ती नक्की लिहिता येते. ३ ने भागल्यावर बाकी १ उरणाऱ्या प्रत्येक मूळ संख्येला हे लागू आहे. फर्माने हे सांगितलं, ऑयलरने सिद्ध केलं. छोटी उदाहरणं: ७ = ४ + ३ × १, ३१ = ४ + ३ × ९, १२७ = १०० + ३ × ९. सिद्धता शाळेच्या बाहेरची आहे, पण उदाहरणं शोधायला पाढे पुरेत.

प्र. हिची जोडमूळ संख्या, म्हणजे हिच्याहून २ ने मोठी किंवा लहान असलेली मूळ संख्या, आहे का?

दोनने मोठी असलेली बाजू लगेच बाद होते. आपल्या संख्येत २ मिळवले तर २^१३६२७९८४१ + १ होतं. २ च्या विषम घाताला ३ ने भागलं की बाकी २, त्यात १ मिळवला की ३ ने पूर्ण भाग जातो. ७ नंतर ९, ३१ नंतर ३३, १२७ नंतर १२९, सगळीकडे हेच.

प्र. मूळ आहे हे सिद्ध कसं केलं? सगळ्या संख्यांनी भागून बघितलं का?

तसं भागायला बसलं तर विश्व संपलं तरी काम संपणार नाही. मर्सेन संख्यांसाठी एक खास कसोटी आहे. फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी एकोणिसाव्या शतकात तिची बांधणी केली आणि विसाव्या शतकात डी. एच. लेमर यांनी तिला आजचं रूप दिलं.

कृती इतकी सोपी आहे की सहावीतल्या मुलांकडून आम्ही करून घेतो. ४ पासून सुरुवात. प्रत्येक पायरीला वर्ग करायचा, २ वजा करायचे, आणि जी संख्या तपासायची तिने भागून फक्त बाकी ठेवायची. घातांकापेक्षा २ ने कमी इतक्या पायऱ्या झाल्यावर बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाही आली तर संयुक्त.

३१ तपासू. घातांक ५, पायऱ्या ३. ४ वरून १४. १४ चा वर्ग १९६, वजा २ म्हणजे १९४, ३१ ने भागून बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २ म्हणजे ६२, बाकी ०. मूळ. १२७ साठी पाच पायऱ्या: १४, ६७, ४२, १११, ०. आणि २०४७ साठी नऊ पायऱ्यांनंतर १७३६ उरतात, शून्य येत नाही.

आपल्या संख्येसाठी १३,६२,७९,८३९ पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीत चार कोटी अंकांपर्यंतच्या संख्येचा वर्ग. शाळेतल्या पद्धतीने असा एकेक गुणाकारच अशक्यप्राय आहे, म्हणून जलद फूरिए रूपांतरावर आधारलेली गुणाकाराची पद्धत वापरतात.

ही कसोटी इतकी नेटकी का, याचंही कारण घडणीतच आहे. आपल्या संख्येत १ मिळवला की उरतो फक्त २ चा घात. शेजारच्या संख्येचे सगळे अवयव माहीत असणं ही मूळपणा सिद्ध करताना फार मोठी सवलत असते. जगातल्या सर्वांत मोठ्या ज्ञात मूळ संख्या बहुतेक वेळा मर्सेन संख्याच का असतात, त्याचं उत्तर हे.

प्र. संगणक चुकला असेल तर?

ही शंका घेणं योग्यच आहे, आणि मोहिमेतले लोक ती आपल्यापेक्षा जास्त घेतात. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी आयर्लंडमधल्या डब्लिनच्या एका एन्व्हिडिया ग्राफिक्स प्रोसेसरने 'बहुधा मूळ' असा निकाल दिला. तो फर्माच्या प्रमेयावर आधारलेल्या कसोटीचा निकाल होता, ती सिद्धता नव्हे. दुसऱ्या दिवशी अमेरिकेत सॅन अँटोनियोच्या वेगळ्या प्रोसेसरने ल्युका-लेमर कसोटी पूर्ण केली, तेव्हा सिद्धता झाली. त्यानंतरही वेगवेगळे प्रोग्राम आणि वेगवेगळी यंत्रं वापरून ती पुन्हा पुन्हा पडताळली गेली, मगच जाहीर झाली. याआधीचे जिम्प्सचे सगळे शोध साध्या संगणकांच्या प्रोसेसरवर लागले होते, ग्राफिक्स प्रोसेसरवर लागलेला हा पहिला. ड्युरंट यांनी त्यासाठी १७ देशांतल्या डेटा सेंटरांमधले हजारो प्रोसेसर कामाला लावले होते.

प्र. आयआयटी कानपूरची कसोटी वापरत नाहीत का?

मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये दिलेली एकेएस कसोटी कोणत्याही संख्येला लागू पडते, कोणत्याही न सुटलेल्या गृहीतकावर टेकत नाही, आणि अंक वाढले तरी तिचा वेळ आवाक्याबाहेर स्फोटासारखा वाढत नाही. सैद्धांतिक गणितात ही फार मोठी कामगिरी. पण मर्सेन संख्यांपुरती ल्युका-लेमर कसोटी कितीतरी वेगवान आहे, म्हणून विक्रमासाठी तीच वापरतात.

प्र. परिपूर्ण संख्येशी हिचा काय संबंध?

६ चे स्वतः सोडून विभाजक १, २, ३, आणि त्यांची बेरीज ६. तसंच २८, ४९६, ८१२८. युक्लिडने दाखवलं की २^प − १ मूळ असेल तर तिला २^(प − १) ने गुणल्यावर परिपूर्ण संख्या मिळते. ऑयलरने उलट बाजू सिद्ध केली: प्रत्येक सम परिपूर्ण संख्या याच रूपाची असते. म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये एक नवी परिपूर्ण संख्याही आपोआप मिळाली, ८,२०,४८,६४० अंकी. विषम परिपूर्ण संख्या असते का, हे अजून कोणाला सिद्ध करता आलेलं नाही.

प्र. उपयोग काय? बँकेच्या सुरक्षेत वापरतात म्हणे.

ही संख्या बँकेत वापरत नाहीत. गुप्तलेखनात मूळ संख्या गुप्त ठेवायच्या असतात आणि ही तर जगजाहीर आहे. शिवाय तिथे लागणाऱ्या संख्या बऱ्याच लहान असतात. आरएसए या गुप्तलेखनाच्या पद्धतीतल्या प्रचलित २०४८ बिटांच्या किल्लीत तीनशेच्या आसपास अंकांच्या दोन मूळ संख्या असतात.

पण तिच्या धाकट्या बहिणी रोज कामावर आहेत. २^५२१ − १ ही १५७ अंकी संख्या रॉबिन्सन यांनी जानेवारी १९५२ मध्ये स्वॅक या संगणकावर शोधली, आणि आज ती पी-५२१ या दीर्घवर्तुळी वक्राच्या गुप्तलेखनात वापरली जाते. २^१९९३७ − १ वर 'मर्सेन ट्विस्टर' हा यादृच्छिक संख्या देणारा प्रोग्राम उभा आहे. पायथनमध्ये पत्ते पिसण्याचा प्रोग्राम लिहिलात तर सहसा तोच चालतो. २^३१ − १ = २,१४,७४,८३,६४७ मूळ असल्याचं ऑयलरने १७७२ मध्ये दाखवलं. ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात मावणारी हीच सर्वांत मोठी संख्या. तसं घड्याळ ठेवणाऱ्या जुन्या यंत्रणांमध्ये १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी सेकंदांची मोजणी याच संख्येवर पोचेल आणि पुढे सरकू शकणार नाही. ऐरोलीतल्या इंजिनिअर मंडळींना हे वेगळं सांगायला लागत नाही.

आणि चार कोटी अंकी संख्येचा स्वतःचा उपयोग? ती शोधताना मोठे गुणाकार जलद आणि बिनचूक करण्याच्या पद्धती सुधारल्या, यंत्रांमधले लपलेले दोष उघडे पडले. माझं स्वतःचं मत असं, की यातलं काहीही झालं नसतं तरी ती शोधण्यासारखीच होती.

प्र. अशा संख्या अनंत आहेत का?

सिद्ध झालेलं नाही. अनंत असाव्यात असं बहुतेक गणितज्ञांना वाटतं. आजवर ५२ सापडल्या आहेत, आणि आपली संख्या ही सापडलेल्यांपैकी बावन्नावी. तिच्याखालचे सगळे घातांक दोनदा तपासून झालेले नाहीत, म्हणून क्रमाने ती बावन्नावीच आहे असं म्हणता येत नाही.

प्र. घरच्या संगणकावर मी शोधू शकतो का?

शकता. प्राइम९५ हा प्रोग्राम मोफत मिळतो, तो तुम्हाला एक घातांक नेमून देतो आणि मागे शांतपणे चालत राहतो. एका घातांकाला जुन्या यंत्रावर आठवडे लागू शकतात. प्रोसेसर सतत पूर्ण ताकदीने चालतो, तेव्हा विजेचं बिल वाढेल हे घरी आधी सांगा, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात पातळ लॅपटॉपवर तरी हे करू नका. दहा कोटी अंकी मूळ संख्येसाठी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचं दीड लाख डॉलरचं बक्षीस आहे. मिळण्याची शक्यता अगदी नगण्य. ड्युरंट यांना जिम्प्सचे तीन हजार डॉलर मिळाले, ते त्यांनी आपल्या जुन्या शाळेला, अलाबामाच्या गणित-विज्ञान शाळेला, दिले.

प्र. मुलांना सरावासाठी एखादं उदाहरण द्याल का?

याआधीची विक्रमी संख्या घ्या: २^८२५८९९३३ − १, डिसेंबर २०१८ मध्ये सापडलेली. तिचे शेवटचे तीन अंक काढा, ९ ने भागून बाकी काढा, आणि ती दोन वर्गांची बेरीज आहे का ते ठरवा. मोठ्या मुलांनी लॉग वापरून अंक किती आणि पहिला अंक कोणता तेही काढावं. उत्तरं: ५९१, बाकी ४, नाही, २,४८,६२,०४८ अंक, पहिला अंक १. पहिल्या उत्तरासाठी लागणारा २^३३ हा ८,५८,९९,३४,५९२ आहे. तो मात्र कॅल्क्युलेटर न घेता, दुप्पट करत करतच काढा.